निरोगी गटातले बाबा

माझ्या सासऱ्यांना निरोगी माणसांच्या गटात घ्यायची कल्पना माझी नव्हती. ती त्यांची स्वतःची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे घरात जे रामायण झालं त्याचं पहिलं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं होतं.

मी तोंडाच्या विकारांच्या दवाखान्यात, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते, आणि ते करता करता पदवीसाठी संशोधनही करत होते. विषयाचं नाव ऐकूनच पाहुणे जांभया देतात, पण गोष्ट साधी आहे. आपल्या रक्तात क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि त्यांच्यासारखे काही पदार्थ असतात, ते पेशींना गंजू देत नाहीत. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणायचं. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, माझ्या कामाला सरळ ‘गंजाची टेस्ट’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर माझ्या प्रबंधाच्या नावापेक्षा ते नाव जास्त चांगलं आहे. मी तीन गटांतल्या माणसांचं रक्त तपासत होते. एक गट निरोगी. दुसऱ्या गटातल्यांच्या तोंडात पांढरा चट्टा आलेला किंवा तोंड आखडत चाललेलं, म्हणजे अजून कॅन्सर नाही पण त्याच्या उंबरठ्यावर. तिसरा गट कॅन्सर झालेल्यांचा. पहिल्या गटात हे पदार्थ भरपूर, दुसऱ्यात कमी आणि तिसऱ्यात त्याहून कमी, अशा उतरत्या पायऱ्या मला दिसत होत्या, आणि त्या पायऱ्यांवर माझा भारी जीव होता.

दवाखान्यात आजारी माणसांना तोटा नसतो. वानवा असते ती निरोगी माणसांची. धडधाकट माणूस सुई दिसली की काहीतरी काम आठवून निघून जातो. मग आम्ही सगळे जे करतो तेच मीही केलं. ओळखीतली माणसं धरली. माझे मार्गदर्शक मोठे सर बसले, ग्रंथपाल बसले, फाटकावरचा पहारेकरी बसला. ‘तोंडाची काही तक्रार?’ असं मी विचारायचे, ते ‘छे छे’ म्हणायचे, आणि झाले निरोगी.

तरीही माणसं कमी पडत होती. एकदा जेवताना मी तसं बोलले, तर बाबांनी तिथल्या तिथे बाही वर केली.

“घे माझं रक्त, सूनबाई. मैदानावर पळणारं रक्त आहे. तुझ्या मशीनला झेपेल ना तेवढं बघ.”

बाबा फुटबॉलचे पंच. नोकरीतून निवृत्त झाले, पण पंचगिरीतून व्हायचं नाव नाही. शहरातल्या क्लबांचे सामने अजूनही तेच घेतात. घरातही तेच. टीव्ही कुणी बघायचा, खिडकी उघडी ठेवायची की बंद, सगळ्याचा निकाल ते देणार आणि त्यावर अपील नाही. सदऱ्याच्या खिशात पिवळं आणि लाल अशी दोन्ही कार्डं कायम. आमच्या लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात मला पिवळं कार्ड मिळालं होतं, बाथरूममध्ये उशीर केला म्हणून. तेव्हा मी रडले होते. आता माझं नाकही त्यांच्याइतकंच वर असतं, त्यामुळे आमचं छान जमतं.

रक्त दिल्यापासून तर ते हवेतच होते. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या टोळक्यात प्रत्येकाला सांगून झालं, “आपण निरोगी गटात आहोत. संशोधनात नोंद आहे.”

आणि मग आकडा आला.

मशीनमधून निघालेला कागद मी हातात धरला आणि मला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. निरोगी गटाचे सगळे ठिपके वर जमलेले, आणि एक खाली, दुसऱ्या गटाच्या ठिपक्यांत जाऊन बसलेला. नळीवरचं अक्षर माझं. नळी बाबांची.

पहिला संशय मी स्वतःवर घेतला. आमच्या कामात तीच रीत आहे. नळी जोरात हलवली की रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि आकडे चुकतात. पण रक्त खाली बसल्यावर वर राहिलेलं पाणी स्वच्छ पिवळसर होतं, लाली नावालाही नाही. उजेडात राहिली की जीवनसत्त्वं मरतात. पण नळीभोवती चमकीचा कागद मीच गुंडाळला होता. उरलेल्या नमुन्यावर पुन्हा तपासणी केली. तोच आकडा. मग ‘थोडं कमी पडलं’ अशी थाप मारून बाबांना पुन्हा बोलावलं. त्यांनी मोठ्या ऐटीत दुसरा हात दिला. ताजं रक्त, ताजी रसायनं, आणि आकडा पुन्हा तिथंच.

मी कागद घेऊन मोठ्या सरांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“एखादा असा निघतोच. उडवून टाक.”

“कारण काय लिहू, सर?”

“विसंगत. सगळे लिहितात.”

“पण तो विसंगत का आहे?”

“अगं बाई, भाज्या खात नसेल, झोप नसेल, सर्दी झाली असेल. एका ठिपक्यापायी पायऱ्या बिघडवणार आहेस का? प्रबंध द्यायचा आहे ना या महिन्यात?”

द्यायचा होता. आणि सर म्हणाले त्यात खोटं काहीच नव्हतं. हा आकडा खाली जायला ढीगभर कारणं असतात, त्यावरून कुणाला रोग आहे असं म्हणता येत नाही, हे मीच नव्या मुलांना बजावून सांगते. मी मान हलवली. ठिपका उडवायचा असं ठरवूनच त्या संध्याकाळी घरी आले.

जेवायला बसलो. पहिल्याच घासाला बाबांनी ताट सरकवलं.

“काय हे तिखट! तोंडाची आग आग झाली.”

आईंचा चेहरा पडला. गेले कित्येक दिवस हेच चाललं होतं. त्या बिचाऱ्या रोज मिरची कमी करत होत्या आणि बाबा रोज ओरडत होते. आता तर भाजी इतकी फिकी झाली होती की माझा नवरा गुपचूप वरून तिखट घालून घ्यायचा.

“मिरची घातलेलीच नाहीये आज,” आई म्हणाल्या. “एकसुद्धा नाही.”

माझा घास हातातच राहिला. मी बाबांकडे पाहिलं. ते लहान लहान घास करून, ओठांच्या फटीतून आत ढकलल्यासारखं जेवत होते. हे कधीपासून? आणि मग मला ती शिट्टी आठवली. बाबांची पितळी शिट्टी म्हणजे त्यांचा दागिना. ती बाजूला ठेवून या हंगामात त्यांनी बटण दाबलं की वाजणारी इलेक्ट्रिक शिट्टी आणली होती. ‘जमाना बदलला,’ म्हणाले होते, आणि आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं होतं, की बाबा नवं शिकतात! तोंड आखडलेल्या माणसाला आधी तिखट सोसत नाही. मग त्याला गाल फुगवता येत नाहीत. मग फुंकर मारता येत नाही. रोज तसली माणसं बघणारी मी, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस मला दिसला नव्हता.

“बाबा, जरा आ करा.”

“काय?”

“तोंड उघडा. पूर्ण.”

“मी काय घोडा आहे, दात मोजायला?”

“बाबा, उघडा म्हणते ना!”

आवाज माझा जरा चढलाच. बाबांनी खिशात हात घातला आणि पिवळं कार्ड उपसलं. कार्डामागून एक छोटी पुडी घसरली आणि ताटाशेजारी पडली. सुपारी आणि तंबाखूची.

आईंनी ती पुडी उचलून उजेडात धरली.

“तुम्ही तर कधीच सोडली होतीत,” आई म्हणाल्या. “माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतंत.”

“मॅचच्या आधी फक्त. कधीतरी.”

“आणि मी मेली मिरच्यांना दोष देत बसले!”

बाबा उठले. “मला काही झालेलं नाही. मी निरोगी गटात आहे. तिच्याच कागदावर लिहिलंय. निर्णय झाला.” खोलीचं दार आतून लागलं. माझा नवरा समजूत घालायला गेला आणि दाराखालून सरकवलेलं लाल कार्ड घेऊन परत आला. आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मला रडूही येत होतं आणि त्या दारावर लाथ मारावीशीही वाटत होती. खरं सांगते, लाथ मारावीशी जास्त वाटत होती.

माणूस घाबरला की असाच हेका धरतो, हे मला कळत होतं. त्यांना ओढून नेणं शक्य नव्हतं. एकट्या त्यांना बोलावलं तर ते येणार नव्हते, कारण एकट्याला बोलावणं म्हणजे आजारी ठरवणं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाल्यावर मला जे सुचलं ते खरं तर संशोधनाच्या पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

सकाळी मी सरांसमोर उभी राहिले. “सर, आपण आजाऱ्यांची तोंडं तपासली. निरोगी लोकांची नाही. त्यांनी ‘छे छे’ म्हटलं आणि आपण मान डोलावली.”

“मग?”

“मग तो एकच ठिपका उडवायचा आणि बाकीचे ठेवायचे, कारण ते आपल्या मनासारखे आहेत? सगळ्यांचीच तोंडं तपासू. एकूण एक. ज्याच्या तोंडात काही निघेल तो गटाबाहेर, मग त्याचा आकडा कितीही गोड असो.”

सरांचं पित्त खवळलं. महिना गेला, म्हणाले. पाहुणे परीक्षक ठरले आहेत, म्हणाले. मीही ऐकून घेणारी नव्हते. शेवटी त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “तो ठिपका कुणाचा आहे?”

मी सांगितलं.

ते खुर्चीतून उठले. “रांग लाव. पहिला मी.”

त्या संध्याकाळी बाबा गच्चीत बूट पुसत बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. माझ्याकडे न बघता ते ब्रश मारत राहिले.

“बाबा, मॅच सुरू व्हायच्या आधी तुम्ही खेळाडूंचे बूट उलटे करून बघता ना?”

“बघतो. नियमच आहे.”

“सगळ्यांचे?”

“सगळ्यांचे. एखाद्याच्या बुटाचा खिळा बाहेर आलेला असतो, त्याला स्वतःला पत्ता नसतो. दुसऱ्याची पोटरी फाटते.”

“कॅप्टन म्हणाला, माझे नका बघू, मी चांगला आहे, तर?”

ब्रश थांबला.

“उद्या निरोगी गटाची तपासणी आहे,” मी म्हटलं. “सगळ्यांची. सर पहिले उभे राहणार आहेत. मीसुद्धा. ज्याची तपासणी नाही तो मैदानात नाही. माझा नियम आहे, आणि त्यावर अपील नाही.”

बाबांनी बूट खाली ठेवला. “किती वाजता?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते पंचाच्या पूर्ण पोशाखात आले. काळा सदरा, गुडघ्यापर्यंत मोजे. बाह्यरुग्ण विभागातली माणसं वळून वळून बघत होती. रांगेत सर, मागे ग्रंथपाल, मग पहारेकरी, मग बाबा, मग मी. तोंड तपासणारी शल्यविशारद म्हणजे माझी मैत्रीण टॉर्चबाई. तिच्या हातात टॉर्च नाही असं कुणी कधी पाहिलेलं नाही. लग्नातही होता म्हणतात.

सरांच्या तोंडात एक तुटकी दाढ सोडून काही निघालं नाही. ग्रंथपालांचा आकडा अख्ख्या अभ्यासात सगळ्यांत उंच, माझ्या पायऱ्यांचं शिखर म्हणा ना. आणि त्यांच्याच गालाला आतून एक पांढरा चट्टा निघाला, दाताचं टोक घासून घासून झालेला. ग्रंथपालांची पाचावर धारण बसली. टॉर्चबाईने टोक घासून गुळगुळीत केलं आणि पुन्हा दाखवायला बोलावलं. पुढे तो चट्टा आपोआप गेलाही. पण त्या दिवशी मी शिखराचा ठिपका स्वतःच्या हाताने खोडला. रक्त बोट दाखवतं, निकाल देत नाही, हे मला त्या रांगेत जितकं पटलं तितकं पुस्तकात कधी पटलं नव्हतं.

मग बाबा. टॉर्चबाई म्हणाली, “काका, तुमचीच तीन बोटं, उभी, तोंडात घाला.” ही आमची सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत स्वस्त तपासणी. धड माणसाच्या तोंडात त्याची तीन बोटं उभी मावतात. बाबांनी दोन घातली. तिसऱ्यासाठी ओठ पांढरे पडेपर्यंत जोर लावला. ती गेली नाही.

टॉर्चबाईने उजेड आत टाकला आणि बराच वेळ काढला नाही. “डाव्या बाजूला चट्टा आहे, आणि खालची त्वचा कडक झालीय,” ती म्हणाली. “तुकडा काढून तपासायला लागेल, काका.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात एवढी वर्षं मी त्यांचा राग पाहिला, हट्ट पाहिला, गमती पाहिल्या. भीती पहिल्यांदाच पाहिली. मी त्यांचा हात धरला आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

तुकड्याचा अहवाल येईपर्यंत आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. आला तेव्हा मी तो जिन्यात उभी राहूनच वाचला. पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण उंबरठा ओलांडला नव्हता. कॅन्सर नव्हता! मी जिन्यात खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले, आणि वरून खाली येणारे मोठे सर काही न विचारता माझ्या शेजारच्या पायरीवर बसून राहिले.

मग सुरू झाली खरी मॅच. टॉर्चबाईने चट्टा काढून टाकला. आखडलेल्या गालात इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या. तोंड उघडायच्या व्यायामासाठी लाकडाच्या चपट्या काड्या दिल्या, आइस्क्रीमच्या असतात तशा. दातांमध्ये काड्यांची चवड धरायची आणि जमेल तशी एकेक वाढवायची. पुडी बंद झाली हे सांगायला नकोच. त्या खात्याचा कारभार आईंनी हातात घेतला. सदऱ्याचे खिसे, बुटांचे तळवे, शिट्टीची डबीसुद्धा रोज तपासली जाऊ लागली. एकदा बाबा कुरकुरले, तर आईंनी कार्डांची जोडी स्वतःच्या कमरेची काढली आणि त्यांना पिवळं दाखवलं. ती कार्डं त्यांनी कधी पळवली होती, देव जाणे. बाबांना उलट बोलता आलं नाही, तोंडात काड्या होत्या.

सोपं मात्र नव्हतं. काही दिवस एकही काडी वाढायची नाही आणि बाबा ती चवड भिंतीवर भिरकावायचे. मग आपणच गोळा करून, धुऊन, पुन्हा दातांत धरायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. मी समोर बसायचे आणि म्हणायचे, “अजून वेळ संपलेली नाही, बाबा.” ते काड्यांमागून मला शिव्या द्यायचे. कळायच्या नाहीत, पण शिव्याच होत्या.

प्रबंध उशिरा गेला आणि त्याचं मला सोयरसुतक नव्हतं. बाबांचा ठिपका मी उडवला नाही, तो जिथे असायला हवा होता त्या गटात नेला आणि का नेला ते लिहिलं. ग्रंथपाल बाहेर गेले तेही लिहिलं. शिखर गेल्यामुळे पायऱ्या थोड्या बुटक्या झाल्या, पण उभ्या राहिल्या. सगळी तोंडं तपासून झाल्यावरही उभ्या राहिल्या! पाहुण्या परीक्षकांनी त्याच पानावर बोट ठेवून विचारलं, “निरोगी गट पुन्हा तपासायची बुद्धी कशी झाली?” मी उत्तर द्यायच्या आत मागून मोठे सर म्हणाले, “तिच्या घरात एक पंच आहेत.” पदवी मिळाली. सरांनी मला पहिल्यांदाच डॉक्टर म्हणून हाक मारली आणि लगेच नळ्या धुवायला पाठवलं.

पुढच्या हंगामाच्या शेवटी शहराच्या लीगचा अंतिम सामना होता, आणि तो बाबांकडे होता. त्या आधी त्यांचं रक्त मी पुन्हा तपासलं होतं. आकडा वर सरकला होता, छान सरकला होता. पण मी कुणाला मिरवून सांगितलं नाही. मला दुसरंच काहीतरी बघायचं होतं.

मैदान खच्चून भरलेलं. आम्ही सगळे पुढच्या बाकावर, टॉर्चबाईसुद्धा. इलेक्ट्रिक शिट्टी माझ्या पर्समध्ये होती, ऐनवेळी लागली तर असावी म्हणून आईंनी ठेवायला लावली होती. बाबा मध्यावर गेले. दोन्ही संघांचे बूट उलटे करून बघितले, कॅप्टनचेही. मग त्यांनी गळ्यातली पितळी शिट्टी उचलून ओठांत धरली.

नुसती हवा गेली. फुस्स. कुणीतरी मागे हसलं. आईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते. बाबांनी शिट्टी काढली, ओठ पुसले, छाती भरून घेतली आणि गाल फुगवले. दोन्ही गाल, टम्म! आणि शिट्टी वाजली. अशी वाजली की पलीकडच्या झाडावरचे पक्षी उडाले, आणि मी बाकावर उभी राहून किंचाळले, आणि मला त्याची अजूनही लाज वाटत नाही.

सामना कोण जिंकलं ते आमच्यापैकी कुणालाच धड आठवत नाही. शेवटची शिट्टी झाल्यावर जिंकलेले खेळाडू चषक डोक्यावर घेऊन नाचत होते, आणि बाबा त्या गर्दीतून सरळ आमच्या बाकाकडे चालत आले. घामाने निथळत होते. ते आईंसमोर उभे राहिले, कुणी न सांगता आ केला आणि आपली तीन बोटं, उभी, आरामात तोंडात घातली.

“अहो, चारचौघांत शोभतं का हे?” आई म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरून हसता हसता रडायला लागल्या.